पॉम्पे आजार आणि बाळाचं हृदय

या आजाराची पहिली नोंद १९३२ची. सात महिन्यांच्या एका मुलीचं हृदय एवढं कशाने वाढलं, हे शोधताना एका डच डॉक्टरला तिच्या स्नायूपेशींत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, ठासून भरलेलं आढळलं. ते का साचतं, हे कळायला १९६३ उजाडलं: लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या पिशवीत, ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकराचीच (एन्झाइमची) कमतरता. निदान होऊ लागलं, इलाज मात्र नव्हता. अर्भकवयात सुरू होणाऱ्या प्रकारात बाळ सहसा पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नसे.

२००६मध्ये हे विकर बाहेरून देणाऱ्या औषधाला युरोप-अमेरिकेत मंजुरी मिळाली. दर दोन आठवड्यांनी शिरेतून, किलोमागे २० मिलिग्रॅम. हातापायांचे स्नायू रडतखडत दाद देतात. जाड झालेल्या हृदयभिंती मात्र काही महिन्यांत उतरू लागतात. ज्यांच्या शरीरात हे विकर मुळीच बनत नाही, त्यांच्यात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन फायदा ओसरायचा. म्हणून अशा बाळांना आता सुरुवातीलाच प्रतिकारशक्ती आवरणारी औषधंही देतात.

खरी जुंपली ती नवजात तपासणीवरून. तैवानने २००५मध्ये टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही चाचणी सुरू केली. अमेरिकेच्या शिफारस-यादीत आजार आला २०१५मध्ये. विरोधकांचं म्हणणं असं, की सापडणाऱ्यांत बहुसंख्य उशिरा सुरू होणाऱ्या प्रकाराचे; लक्षणं कदाचित पन्नाशीत येतील, आईबापांचा घोर आजपासून. शिवाय आशियाई लोकांत विकर चाचणीत कमी दिसतं पण आजार नसतो, असा जनुकीय फरक बराच आढळतो. आक्षेप पोकळ नाही. पण तपासणी नसेल तर काय होतं? बाळ दूध ओढताना घामाघूम होतं, मान धरत नाही, छातीत कफ म्हणून औषधं चालतात आणि एक्स-रेत छाती हृदयानेच व्यापलेली दिसते तेव्हा कुठे शंका येते. तोवर गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. उलट, चाचणीत संशय आला की इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घातक प्रकार लगेच ओळखता येतो. तेव्हा घोराचा मुद्दा समुपदेशनाने हाताळावा, चाचणी अडवून नव्हे.

वाचलेली मुलं मोठी होऊ लागली तसा नवा प्रश्न पुढे आला. हृदयाचा आकार आवरला तरी ठोक्यांची लय बिघडू शकते. त्यामुळे अधूनमधून २४ तासांचा होल्टर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावतात, आणि भूल द्यायची वेळ आलीच तर रक्तदाब एकदम पाडणारं प्रोपोफॉल टाळून केटामिनला पसंती असते.