धुऱ्यावरची बॅटरी आणि फुटलेला तारा

हरभऱ्याच्या ओलिताला आमच्याकडे लाईन रात्रीची. परवा दोनच्या सुमारास पंप सुरू करून धुऱ्यावर बसलो होतो. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. शेजारच्या वावरातल्या काकांना म्हटलं, त्या शेपटाशी, वसिष्ठ आणि मरीची यांच्याजवळ एम १०१ नावाची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षं दूर. काका म्हणाले, "मोजाले कोन गेलतं तिथं, टेप घेऊन?"

तेवढ्यात नाल्यापलीकडे एक बॅटरी दिसली. "पाटलाचा सालदार आहे, दोन वावरं सोडून," काकाच बोलले. अंधारात अंतर कसं कळलं? त्याची बॅटरी तीन सेलची, हे त्यांना ठाऊक होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. बॅटरी मुळात केवढी आणि दिसते केवढी, एवढं कळलं की टेप लागत नाही.

एम १०१ मध्ये अशी बॅटरी पेटलेली दिसली ऑगस्ट २०११ मध्ये. सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेला श्वेत बटू फुटला. अशा ताऱ्याला सूर्याच्या १.४ पटींपलीकडे स्वतःचा भार पेलत नाही, ही चंद्रशेखर मर्यादा. म्हणून हे सगळे स्फोट सारखेच तेजस्वी, असं बरेचदा लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं. त्यांच्या तेजात चांगलाच फरक असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

स्फोटाची स्वतःची उष्णता फुटलेल्या ताऱ्याचा ढग फुगण्यातच संपते. आपल्याला दिसतो तो उजेड निकेल-५६ चा. स्फोटात हे किरणोत्सारी निकेल साधारण अर्ध्या सूर्याएवढं तयार होतं. सहा दिवसांत त्यातलं निम्मं कोबाल्ट होतं, कोबाल्टातलं निम्मं ७७ दिवसांत लोखंड, आणि त्या ऊर्जेवर ढग तापत राहतो. निकेल जास्त, तर तेज जास्त. पण जास्त तापलेला ढग जास्त अपारदर्शकही असतो. उजेड आत अडकतो, रेंगाळत बाहेर पडतो. म्हणजे जो जास्त तेजस्वी, तो हळू विझतो. १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी हे आकड्यांत मांडलं: तेज शिगेला पोचल्यावर १५ दिवसांत ते किती उतरलं ते बघा, बॅटरी किती सेलची ते कळतं. मधल्या धुळीने उजेड मंद आणि लालसर होतो, तेवढी वजावट रंगावरून करायची.

आता दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेत असाच तारा शंभर पट मंद दिसला, तर ती दहा पट दूर, २१ कोटी प्रकाशवर्षांवर. एम १०१ चं अंतर मात्र तिच्यातल्या सेफिड ताऱ्यांवरून वेगळं मोजलेलं आहे. त्यांच्या लुकलुकण्याच्या कालावधीवरून तेज कळतं, हे हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्येच दाखवलं होतं.

तारा फुटला की कुठल्या राशीला जड जाणार, याचे मेसेज मोबाईलवर हमखास फिरतात. हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, तर साडेसाती कोणाला?

१९९८ मध्ये असे दूरचे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले आणि विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय हे कळलं. त्याला २०११ चं नोबेल मिळालं. हे काकांना सांगायचं राहिलं. निकेल-कोबाल्टपाशीच त्यांचा डोळा लागला होता, आणि पाणी पाटातून फुटून त्यांच्याच वावरात चाललं होतं.