प्रसाधनांतील स्टार्च आणि ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द

ब्रिटनमध्ये १७९५ साली केसांना लावायच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसला. ती पावडर बहुतांशी गव्हाच्या स्टार्चची असे, आणि धान्यटंचाईच्या त्या वर्षी खायचा गहू डोक्यावर उधळला जातो, याचा लोकांना राग होता. पुढे शंखजिऱ्याच्या भुकटीने, म्हणजे टाल्कने, स्टार्चला मागे सारले, कारण ती ओल धरत नाही आणि तिला बुरशी लागत नाही. टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉस हे कर्करोगकारक खनिज मिसळले असल्याच्या संशयावरून अमेरिकेत खटले वाढले, तेव्हा एका मोठ्या उत्पादकाने टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये तिथे आणि २०२३ मध्ये जगभर बंद करून मक्याचे स्टार्च पुढे आणले.

खरा गुंता मात्र ‘वनस्पतीजन्य’ या शब्दात आहे. मक्याचे कोरडे स्टार्च चिमटीत दाबले की कुरकुरते, दमट हवेत त्याचे गोळे होतात आणि गरम पाण्यात ते फुगून त्याची खळ होते. म्हणून क्रीममध्ये ते मिश्रण निवत आल्यावरच घालावे लागते. या अडचणींवरचा उपाय १९५० च्या दशकात पेटंट झाला: ऑक्टेनिल सक्सिनिक ॲनहायड्राइड हे रसायन अल्प प्रमाणात स्टार्चला जोडायचे आणि हवे तर त्याचा ॲल्युमिनियम क्षार करायचा. असा कण पाणी झटकतो, तेल मात्र शोषतो आणि बोटांवर रेशमासारखा सरकतो. आजच्या अनेक ‘मॅट’ क्रीमचा कोरडा स्पर्श याच पदार्थाचा आहे.

त्याला वनस्पतीजन्य म्हणावे का? नैसर्गिकतेच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार निम्म्याहून अधिक भाग निसर्गातून आला असेल, तर पदार्थ ‘नैसर्गिक-व्युत्पन्न’ ठरतो, आणि हे स्टार्च त्या कसोटीला सहज उतरते. युरोपातील सूक्ष्मप्लास्टिकविषयक २०२३ चा नियम वेगळी रेघ ओढतो. रासायनिक बदल न केलेले नैसर्गिक बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ; स्टार्च त्यांपैकीच एक) त्यातून मुळातच वगळले आहे. बदललेल्याला मात्र आपली विघटनक्षमता किंवा विद्राव्यता सिद्ध करावी लागते. त्यामुळे तांदळाचे साधे स्टार्च बिनचौकशी सुटते आणि त्याच तांदळाच्या बदललेल्या स्टार्चला पुरावा मागितला जातो. मला ही रेघ योग्य वाटते, कारण प्रसाधनांतील नायलॉनच्या सूक्ष्म गोळ्यांना पर्याय म्हणून आज ज्या स्टार्चची जाहिरात होते, त्यातले बरेचसे बदललेलेच असते, आणि वेष्टनाच्या दर्शनी भागावर मात्र तांदळाची लोंबी छापलेली असते.