विदर्भाचा काळा मसाला: धणे वावरातले, बाकीचं परगावचं

विदर्भातल्या खेड्यात स्वयंपाकघराच्या फळीवर दोन बरण्या वेगळ्या असतात. एकीत तिखट, दुसरीत मसाला. कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्यात मिरची आधीच कुटलेली असते, मालवणी मसाल्यातही तेच. वऱ्हाड-नागपूरच्या बहुतेक घरांत मात्र या दोघांची गाठ गंजात (म्हणजे पातेल्यात) तेल तापल्यावरच पडते. भाजी किती झणझणीत हे एका चमच्यावर ठरतं, किती काळी आणि किती दाट हे दुसऱ्या. वैदर्भी रस्सा म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, असं बाहेर जे समजतात, ते हॉटेलातल्या ताटावरून. घरच्या मसाल्याचा जीव धणे, खोबरं, खसखस आणि दगडफूल यांत असतो.

आणि या चारांपैकी इथल्या वावरात पिकतात ते फक्त धणे.

रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं किंवा विहिरीजवळच्या वाफ्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर) लावायचा, हिवाळाभर पाला खुडायचा आणि उरलेला फुलू द्यायचा, म्हणजे फाल्गुनापर्यंत घरापुरते धणे हाती येतात. खोबरं मात्र किनाऱ्यावरून येतं. नारळ विदर्भात पिकत नाही. खसखस अफूच्या बोंडातली, ती माळव्यातून, मंदसौर-नीमचच्या परवान्याच्या शेतीतून. दगडफूल हे मुळी फूलच नाही; डोंगराळ जंगलात झाडांवर आणि खडकांवर वाढणारं ते शेवाळ-बुरशीचं जोडजीवन. लवंग, मोठी वेलची, जायपत्री यांचं तर बोलायलाच नको. आजीच्या हातचा म्हणून जो मसाला आपण मिरवतो, तो असा चार दिशांचा आहे. मग तो या कापसाच्या मुलखात जमला कसा?

रेल्वेच्या आधी इथला माल बंजाऱ्यांच्या बैलांवर चालायचा. वऱ्हाडचा कापूस तांड्यांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई आणि परतीच्या वाटेवर मीठ व इतर जिन्नस येत. अशा वाटेनं आलेली लवंग-वेलची महाग पडणार हे उघड आहे. खेड्यातल्या रोजच्या कालवणात ती पडत असेल असं मला वाटत नाही. रोजचा स्वयंपाक धणे, जिरं, मोहरी, हळद, तीळ, जवस यांवर चालायचा. यातले बरेच जिन्नस दख्खनच्या जुन्या राजवाड्यांतही होते. १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजाच्या ग्रंथात पाककृती पुष्कळ आहेत. त्यांत हिंग, मिरी, हळद, जिरं, मोहरी सापडतात. मिरची सापडणं शक्यच नव्हतं, कारण ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर भारतात आली ती १६ व्या शतकात.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढच्याच वर्षी भोसल्यांचं नागपूर खालसा झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तो टाकला होता कापूस मुंबईला नेण्यासाठी, पण डबे येताना रिकामे थोडेच येणार? खोबऱ्याची पोती आणि किराणा घेऊन ते आले. आठवडी बाजारातला किराणेवाला आज जो ‘खडा मसाला’ एकत्र मोजून देतो, त्यातला बराचसा माल शेतकऱ्याच्या घरात नेमानं शिरला तो या काळानंतर, असा माझा तर्क आहे. शेतात नगदी पीक, हातात थोडा पैसा, आणि स्टेशनाजवळच्या बाजारात खोबरं-खसखस: तिन्ही गोष्टी एकदमच जुळून आल्या.

मिरचीची कथा निराळी, कारण ती परदेशी असूनही इथली झाली. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची आखूड, जाड सालीची, गडद लाल. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भिवापूर, कुही, उमरेड या पट्ट्यात हंगामात मिरचीचे सातरे लागतात: उघड्या मैदानात लाल सडा पसरलेला आणि ओळीनं बसलेल्या बाया देठ खुडताहेत. रात्री हातांची आग होते, म्हणून तेल चोळून झोपायचं; लहान लेकराला जवळ घ्यायचं तरी विचार करावा लागतो. गावरान भिवापुरीचा पेरा मात्र बराच आटला. संकरित वाण जास्त उतारा देतात, आणि चुरडा-मुरडा रोग आला की पानं आकसून झाड बसतं. त्यामुळे सातऱ्यावर पसरलेली मिरची त्याच शिवारातली असेल याची खात्री देता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तर दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत तिकडे अडकले होते ते हेच लोक. परतताना घरची वर्षाची मिरची सोबत आणणारी कुटुंबं कमी नाहीत. हळदीचं बरं आहे. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळदीसाठीच ओळखलं जातं, आणि तिथल्या हळदीलाही मानांकन आहे.

मसाला करायचा तो उन्हाळ्यात, कुरडया-पापडांच्या वाळवणाबरोबर. घरोघरी प्रमाण वेगळं. ढोबळ सांगायचं तर किलोभर धण्यांना पाव किलो खोबरं, शंभर ग्रॅम खसखस, पन्नास ग्रॅम दगडफूल, आणि लवंग, दालचिनी, मिरी, मोठी वेलची, शहाजिरं, तमालपत्र मुठीमुठीनं. खरी करामत प्रमाणात नसून भाजण्यात असते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. धणे मंद आचेवर, हातात चुरडले की कुरकुरीत तुटेपर्यंत. खसखस तडतडू लागली की लगेच उतरवायची. दगडफूल आधी ताटात पसरून निवडायचं, कारण त्यात सालपटं आणि बारीक रेती असते. एक खडा राहिला तरी रश्शात दाताखाली येतो. कच्च्या दगडफुलाला वास जवळजवळ नसतोच. थोड्या तेलात कढईत टाकलं की काही क्षणांत पानं आकसून काळी पडतात आणि ओल्या मातीसारखा, थोडा धुरकट वास सुटतो. त्याच क्षणी कढई उतरवायची. पुढे गेलं की सगळी बरणी कडू. मसाल्याचा काळेपणा यातून आणि जवळजवळ करपेपर्यंत भाजलेल्या खोबऱ्यातून येतो.

जाणत्या बाया मात्र वर्षाच्या मसाल्यात खोबरं आणि खसखस घालतच नाहीत. दोन्ही तेलकट, पावसाळ्यात खवट होतात. कोरडा मसाला तेवढा कुटून बरणीत भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, आणि खोबरं-कांदा भाजी करायच्या दिवशी निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटायचा. मग तेलात ते वाटण, त्यावर मसाला आणि तिखट, तेल सुटेपर्यंत सराट्यानं (म्हणजे उलथण्यानं) परतत राहायचं आणि आधणाचं पाणी घालायचं. गार पाणी घातलं तर तर्री वर येत नाही, हे सासूनं सुनेला सांगायचं पहिलं वाक्य. पाटवडीचा रस्सा, मुंगवड्यांची भाजी, वांगं, कोंबडी, सगळ्यांना हेच. दाटपणा हवा तर भाजलेलं ज्वारीचं पीठ. पूर्वी पूर्व विदर्भात हे सगळं जवसाच्या तेलात व्हायचं. त्याचा उग्रपणा आणि हा मसाला एकमेकांना धरून होते. सोयाबीन वावरात आणि मग डब्यात आलं, तसं जवस मागे पडलं, आणि चव बदलली ती मसाल्यापेक्षा तेलामुळे जास्त. याकडे कुणी लक्ष देत नाही.

सावजी हे नाव या सगळ्याला चिकटलं ते नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांमुळे. नागपूर, उमरेड, पवनी ही त्यांच्या मागांची गावं. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग रेटेनासा झाला. पुढे मागावर पोट भरेना तेव्हा काही घरांनी आपलं जेवणच विकायला काढलं आणि सावजी भोजनालयं उभी राहिली. तिथला रस्सा घरच्यापेक्षा तिखट आणि तेलकट असतो. ‘बत्तीस मसाल्यांचा’ हा आकडा मात्र पाटीवरच शोभतो. मोजायला बसलं की तिखट, मीठ, हळदसुद्धा धरावी लागते.

कुटण्याचं काम उखळ-मुसळाकडून गिरणीशेजारच्या कांडप यंत्राकडे गेलं तेव्हा बायांचे खांदे सुटले, यात शंका नाही. पण यंत्र तापतं, आणि तापलं की मसाल्याचा वास तिथेच उडतो. म्हणून ओळखीच्या बाया सकाळी पहिला नंबर लावतात. आधी मसाला, शेवटी मिरची. नाहीतर आदल्या बाईचं तिखट आपल्या धण्यांत.

गेल्या काही वर्षांत हाच मसाला पुडीत बसला. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासूनचं, राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ २०११ पासूनचं. त्यांच्या बचत गटांना पापड-लोणच्यानंतर सुचणारा पहिला धंदा मसाल्याचाच. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याचे नियम २०११ मध्ये लागू झाले, तेव्हापासून पुडीवर नोंदणी क्रमांक लागतो. ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असंही छापावं लागतं. महिनोन्महिने पुडी टिकवायची तर खोबरं चालत नाही, खसखस महाग पडते. त्यामुळे प्रदर्शनातल्या पुड्यांत बहुधा धणे आणि खडा मसालाच जास्त असतो. ती पुडी नेणाऱ्यानं खोबरं आणि कांदा आपल्या गॅसवर काळा होईपर्यंत भाजून वाटावा, थोडी खसखस भाजून घालावी. नाहीतर रस्सा तपकिरी होतो, काळा होत नाही.