बासमतीचं जनुक तणभातात कसं शिरतं?

पुसा बासमती 1979 आणि 1985 हे तणनाशक सहन करणारे दोन वाण 2024 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले, तेव्हा 'हे जीएम नाहीत' हे वाक्य बातम्यांत ठळक होतं. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरून जनुक घातलेलं पीक, आणि हे वाण तसे नाहीत हे खरंच आहे. भाताच्याच बियांवर रसायनाची प्रक्रिया करून, जनुकात बदल झालेलं एक रोप निवडून हा गुण मिळवला आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाचे वाण घडले ते किरणोत्साराने, पण तत्त्व तेच. मात्र 'जीएम नाही, म्हणजे जनुक तणात जाण्याची भीती नाही' हा निष्कर्ष चूक आहे. जनुक कुठून आलं याचा परागणाशी काही संबंध नसतो.

भाताचं सगळ्यात चिवट तण म्हणजे भातच. तांदूळ निवडताना सापडणारे लालसर सालीचे दाणे पुष्कळदा या तणभाताचे असतात. त्याचे दाणे पिकताच गळून मातीत पडतात आणि काही वर्षं सुप्त राहू शकतात. आरसी नावाचं जे जनुक सालीला लाल रंग देतं, तेच सुप्तावस्थाही वाढवतं. म्हणून लाल दाणा मातीत जास्त टिकतो.

या वाणांवर फवारायचं इमेझेथापायर हे औषध एएलएस नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं बनवायला रोपाला हे विकर लागतं. माणसात ते नसतंच, ही आम्लं आपण अन्नातून घेतो. विकराच्या क्रियास्थानाकडे जाणाऱ्या वाटेत औषधाचा रेणू अडकतो आणि रोप उपासमारीने मरतं. बदललेल्या विकरात एकच अमिनो आम्ल वेगळं असतं, तेवढ्याने रेणू तिथे नीट बसत नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असली तरी रोप फवारणीतून वाचू शकतं, आणि सगळी गोम इथेच आहे.

भात मुख्यतः स्वपरागी, म्हणजे फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं. फूल सकाळी थोडा वेळ उघडतं आणि परागकण काही मिनिटांतच निकामी होतात. त्यामुळे पिकाकडून तणाकडे संकर साधारण एक टक्क्याहून कमीच होतो. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. आता हिशेब करा. समजा एका हेक्टरात 1 लाख तणरोपं आहेत आणि फवारणीतून 2 टक्के सुटली, म्हणजे 2,000. प्रत्येकी 100 दाणे धरले तर 2 लाख दाणे. संकर हजारात एक धरला तरी 200 दाण्यांत सहनशील जनुक गेलं. पुढच्या हंगामात तेच औषध मारलं की बाकीचं बहुतेक तण मरतं आणि हे संकर तगतात. गळणं आणि लाल साल हे प्रभावी गुण, म्हणजे जनुकाच्या एकाच प्रतीने दिसणारे, असल्याने ते तणासारखेच वागतात. स्वपरागण झालं की त्यांच्या संततीतली चारपैकी तीन रोपं सहनशील निघतात. पहिली गाठ दुर्मीळ असते, पुढचा प्रसार फवारणीच करते. अमेरिकेत 2002 मध्ये याच गटाच्या तणनाशकाला दाद न देणारा भात आला आणि काही वर्षांतच तसा तणभातही शेतांत दिसू लागला. तोही जीएम नव्हता.

'तणाला औषधाची सवय झाली' असं म्हणतात तेही बरोबर नाही. एकाही रोपाला सवय होत नाही, सहनशील रोपं मागे उरतात. 'सुपरवीड' हा शब्दही भडक आहे. औषध न मारलेल्या शेतात या तणाला त्या जनुकाचा काही फायदा नसतो आणि हाताने उपटलं की ते इतर तणासारखंच मरतं.

कोकणात राब, चिखलणी, लावणी या क्रमाने तणभात आपोआप दबतो. ओळीबाहेर उगवलेलं रोप बेणणीत लगेच कळतं. मजूर मिळेनात म्हणून थेट पेरणी आली की हा बंदोबस्त सुटतो, आणि हे वाण मुख्यतः थेट पेरणीसाठीच आहेत. म्हणून लाल दाणा नसलेलं प्रमाणित बियाणं घ्यावं. पेरणीआधी पाणी देऊन तण उगवू द्यावं आणि ते मारून मगच पेरावं. औषधाची मात्रा कमी करू नये आणि कोरड्या जमिनीवर फवारू नये, कारण सुटलेली रोपंच संकराला कारण होतात. वाचलेलं प्रत्येक तणरोप फुलोऱ्याआधी उपटावं, दाणे भरल्यावर उपटण्यात फारसा अर्थ नाही. त्याच शेतात लागोपाठ दोन हंगाम हा वाण घेऊ नये, मध्ये कडधान्य घ्यावं. आणि भाड्याचं कापणीयंत्र शेतात उतरण्याआधी आतून झाडून घ्यावं, कारण शेजारच्या गावचा तणभात त्यातूनच येतो.