एक बटण, सगळ्यांना निरोप

मजकुराचा एक रकाना आणि खाली 'पाठवा' हे बटण. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि खिडक्या-बटणं बनवणारं तिचं टीकेइंटर घेऊन बसलं तर असा प्रोग्राम तासाभरात उभा राहतो. बटण दाबलं की त्याच नेटवर्कवर जिथे जिथे हा प्रोग्राम चालू असेल, तिथे निरोप झळकतो. गंमत म्हणजे पलीकडे किती संगणक आहेत, त्यांचे पत्ते काय, हे पाठवणाऱ्याला ठाऊकच नसतं.

सगळी करामत पत्त्याची आहे. २५५.२५५.२५५.२५५ हा आयपी पत्ता 'या नेटवर्कवरचे सगळे' या अर्थाने राखून ठेवलेला आहे; असं सगळ्यांना एकदम पाठवणं म्हणजे ब्रॉडकास्ट. १९८४ च्या आरएफसी ९१९ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात तो नोंदवलेला सापडतो. इथरनेटवर, म्हणजे तारेच्या स्थानिक नेटवर्कवर, उतरताना या पॅकेटच्या, म्हणजे निरोपाच्या पुडक्याच्या, 'कुणाला' या जागेवरच्या मॅक पत्त्यातले (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यातले) ४८ च्या ४८ बिट १ असतात. ते दिसताच संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विच पॅकेट बाकीच्या सगळ्या पोर्टवर सोडून देतो. बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा राउटर मात्र ते पुढे जाऊ देत नाही. नाहीतर कुणाचाही निरोप जगभर फिरला असता!

प्रोग्राम लिहिताना सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामच्या नेटवर्ककडे उघडणाऱ्या दारावर, 'एसओ_ब्रॉडकास्ट' हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, एरवी ऑपरेटिंग सिस्टीम परवानगीच नाकारते. निरोप ऐकण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामावर, द्यायचं; तसं न केल्यास पॅकेटची वाट बघत विंडो गोठून बसते.

हे सगळं यूडीपी या पॅकेट पाठवायच्या पद्धतीवर चालतं, आणि यूडीपी पोच देत नाही. वायफायवर तर ब्रॉडकास्ट हवेत हरवला तरी अ‍ॅक्सेस पॉइंट तो पुन्हा पाठवत नाही. म्हणून बटण दाबल्यावर 'पोहोचला' असं दाखवणारा प्रोग्राम चक्क थाप मारतो. 'पाठवला' एवढंच खरं. मजकूरही आटोपशीर हवा. नेहमीच्या इथरनेटवर तुकडे न होता १४७२ बाइट जातात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. नुसत्या 'नमस्कार'चे २१ होतात, कारण काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात.

खरी अडचण विश्वासाची. 'सर्व्हर बंद होतोय, काम सेव्ह करा' हा निरोप नेटवर्कवरचं कुणीही, कुणाच्याही नावाने सोडू शकतं. विंडोजमध्ये 'नेट सेंड' ही कमांड असेच निरोप पाठवायची. तिच्यामागच्या मेसेंजर सर्व्हिसचा पत्ता जाहिरातबाजांना लागला आणि लोकांच्या पडद्यावर इंटरनेटवरून नको त्या खिडक्या उघडू लागल्या. अखेर २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने ती सेवा मुळातच बंद ठेवली.