टाकीचं वजन पाय पेलतात, पण स्टँड उभा ठेवतं कोण?

घरी फिशटँकचा स्टँड करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'एवढं वजन लाकडाला पेलेल का?' मग पाय जाड होतात, लाकूड दुप्पट लागतं, खर्च वाढतो, आणि तयार झालेला स्टँड तरी डुगडुगतोच.

आधी हिशोब करू. 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 45 उंच टाकीत साधारण 182 लिटर पाणी मावतं, म्हणजे 182 किलो. काच, वाळू, दगड धरून सव्वादोनशे किलो म्हणू. चार पायांत वाटलं तर एकावर 56 किलो. पाइनसारख्या नरम लाकडालाही तंतूंच्या दिशेने दर चौरस सेंटिमीटरला 50 किलो सहज झेपतात. पाय 4 बाय 9 सेंटिमीटरचा असेल तर छेद 36 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकटा पाय 1800 किलो झेलेल. गरजेच्या तीसपटीहून जास्त! बारीक उंच खांब दाबाखाली वाकतो, त्याचं गणित लिओनार्ड ऑयलरने 18व्या शतकातच मांडलं. ते लावलं तरी पाऊण मीटरच्या या पायाला काळजी नाही.

टाकी अमुक दिशेला ठेवली की भरभराट होते, असं सांगणारे बरेच भेटतात. स्टँडला दोनच दिशा कळतात: खालची, जिची सगळे काळजी करतात, आणि बाजूची, जी कुणी मोजत नाही.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एक कोपरा ढकला. चौकोन निमूटपणे तिरका होतो. एकाही पट्टीची लांबी बदलत नाही. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही, कारण तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चार बाजूंच्या चौकोनाला हे बंधन नाही. आपला स्टँड समोरून पाहिला तर चौकोनच असतो, आणि त्याचे काटकोन टिकवायचं काम कोपऱ्यातल्या बिचाऱ्या स्क्रूंवर पडतं. पाय 75 सेंटिमीटर उंच, सांधा जेमतेम 9 सेंटिमीटरचा. तरफेच्या नियमाने वरचा धक्का सांध्यापाशी जवळपास आठपट होऊन पोचतो.

आता खरी गंमत. स्टँड वरच्या टोकाला 1 सेंटिमीटर कलला की टाकीचं वजनच त्याला बाजूला ढकलू लागतं: 225 भागिले 75, म्हणजे 3 किलोच्या जोराने. 5 सेंटिमीटर कलला की 15 किलो. जितका कलतो, तितका जास्त ढकलला जातो. म्हणून असा स्टँड पडतो तेव्हा पाय शाबूत असतात, फक्त आडवे झालेले असतात.

यात एक तिरकी पट्टी घाला. 90 बाय 75 च्या चौकटीचा कर्ण पायथागोरसनुसार सुमारे 117 सेंटिमीटर. चौकट 5 सेंटिमीटर कलायची तर हा कर्ण 121 व्हायला हवा. लाकूड तुटेल, पण 4 सेंटिमीटर ताणलं जाणार नाही. म्हणजे कलणं अडलं, तेही एका किरकोळ पट्टीने. उलट बाजूला कलताना मात्र तीच पट्टी दाबली जाते, आणि बारीक असेल तर वाकते. म्हणून फुलीसारख्या दोन पट्ट्या लावा, किंवा पातळ प्लायवूडच ठोका. प्लायवूडचा तक्ता म्हणजे एकमेकांना चिकटलेले असंख्य कर्णच. फक्त तो कडेने दर 15 सेंटिमीटरवर स्क्रू मारून पक्का हवा. मागचा तक्ता डावी-उजवी हालचाल थांबवतो, पुढे-मागे नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनाही तक्ते लागतात. स्टँडवर माणसं उभी करून 'भक्कम' दाखवणाऱ्या जाहिरातींत त्याला बाजूने ढकललेलं कधी पाहिलंय का?

बाकीचं थोडक्यात. आडव्या पट्ट्या पायांच्या माथ्यावर टेकवा, नुसत्या स्क्रूंवर लटकवू नका. त्या उभ्या कडेवर ठेवा. 4 बाय 9 ची पट्टी उभी ठेवली तर आडवीपेक्षा पाचपट कमी लवते. टाकीचा तळ उघड्या काचेचा असेल तर खाली थर्मोकोल घाला, एखादा खडा काचेला टोचायला नको. पाणी भरण्याआधी पाणसळ लावून पाहा, पाव टाकी भरल्यावर पुन्हा पाहा, आणि फरक दिसला तर तिथेच थांबून पाणी काढा.