'अंगावरून वारं गेलं' म्हणण्यामागे

खेड्यात अजूनही कोणाला पक्षाघात झाला की 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात. 'अर्धांगवायू'तही वायू आहेच. म्हणजे कुठूनसा झोत यावा आणि चालताबोलता माणूस आडवा व्हावा. १६५८ साली स्वित्झर्लंडचे डॉक्टर योहान याकोब वेप्फर यांनी शवविच्छेदनात मेंदूत साकळलेलं रक्त पाहून लिहून ठेवलं, तेव्हा वाऱ्याचा संबंध सुटला. पण हा झटका कोणाला येणार ते आधी ओळखता येईल, हा विचार रुजायला आणखी तीनशे वर्षं जावी लागली.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. तो आधीपासूनच चढत होता, पण वयानुसार बीपी वाढायचंच, अरुंद झालेल्या नसांतून रक्त ढकलायला ते लागतंच, असं तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर मानत.

ही समजूत आपल्याकडेही फार टिकली. माझ्या आजोबांचा वरचा आकडा १७० यायचा. 'वय सत्तर, त्यात शंभर मिळवा, बरोबर आहे', असं त्यांना सांगितलं गेलं आणि आम्हीही निश्चिंत झालो. पुढे दोन वर्षांनी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. कप खाली पडलाय हे त्यांना दिसत होतं, पण सांगायला शब्द येत नव्हता. त्या बेरजेचा मला आजही राग येतो.

कारण ती बेरीज चुकीची असल्याचं तोवर सिद्ध झालं होतं. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. ही माणसं डोळ्यांदेखत म्हातारी होत गेली, आणि बीपी, मधुमेह, धूम्रपान, हृदयविकार यांचा हिशेब जमत गेला. वरचा आकडाही खालच्याइतकाच घातक आहे, हे तिथेच ठसलं. १९९१ साली फक्त वरचा आकडा चढलेल्या, साठीपुढच्या ४,७३६ जणांवरच्या चाचणीत तो औषधाने उतरवल्यावर पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. ऐंशी ओलांडलेल्यांनाही औषधाचा फायदा होतो, हे २००८ मध्ये दिसलं.

फ्रेमिंगहॅमने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती थेट म्हातारपणाशी बांधलेली आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तेव्हा मनगटावर बोटं ठेवली तरी कळतं: ठोके कधी लागोपाठ, कधी अडखळत, कुठलाच ताल नाही. आत रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. पन्नाशीतल्या पक्षाघातांपैकी जेमतेम १.५ टक्के या बिघाडापायी होतात, ऐंशीनंतर २३.५ टक्के.

मग 'आमच्या घराण्यातच आहे' याचं काय? त्यात तथ्य आहे. आई किंवा वडिलांना पासष्टीच्या आत पक्षाघात झाला असेल, तर मुलांना तो होण्याचा धोका सुमारे तिप्पट, असं सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी फ्रेमिंगहॅमच्याच नोंदींवरून २०१० मध्ये मांडलं. एकाच जनुकातल्या दोषाने होणारे प्रकारही आहेत. त्यांतल्या एकाचं मूळ, नॉच-३ हे जनुक, १९९६ मध्ये पॅरिसमध्ये सापडलं. पण ते विरळाच. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो: २०१८ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या अशा ३२ जागा मिळाल्या, २०२२ मध्ये ८९. त्यांतल्या कितीतरी जागा बीपी किंवा हृदयाच्या लयीशीच जोडलेल्या निघाल्या. वारसा बऱ्याचदा जुन्याच वाटेने येतो, आणि ती वाट अडवता येते. ब्रिटनमधल्या तीन लाखांहून जास्त लोकांच्या २०१८ च्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्या गटात पक्षाघात सर्वांत कमी धोक्याच्या गटापेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त आढळले, तर जीवनशैली सर्वांत वाईट असलेल्यांत ती चांगली असलेल्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी.

आपल्याकडे हे शहरी, सुखवस्तू माणसांचं दुखणं समजलं जाई. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत तेव्हा काम करत असलेले मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले २०११ ते २०१३ मधले मृत्यू तपासले. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला होता: १४.३ टक्के.